लाल जर्सी

ऑगस्टचा दुसरा आठवडा. मका माणसाच्या डोक्यावरून गेला
आणि कोच रूडिगरचं अजून ठरत नाही.

लोडस्टनमध्ये सध्या दुसरा विषय नाही.
मायलोच्या सलूनमध्ये वस्तरा अर्ध्या गालावर थांबतो:
ट्रेव्हिन की इसिद्रो?
धान्याच्या कोठाराशी, वजनकाट्यावर ट्रक उभा करून
लोक खिडकीतून विचारतात.
चर्चमध्ये पास्टर आजाऱ्यांची नावं घेतात
तेव्हा मागून कोणीतरी खाकरतं.

मला विचारतात, कारण सरावाचे कपडे माझ्या लाँड्रीत येतात.
पोत्याला तीस डॉलर, शाळेसाठी खास दर, एकोणीस वर्षं तोच.
गाव देव पाण्यात घालून बसलंय.
मी जर्स्या घालते.

बाकी पोरांच्या पांढऱ्या,
क्वार्टरबॅकच्या तेवढ्या लाल.
लाल म्हणजे याला हात लावायचा नाही,
हा शुक्रवारसाठी राखून ठेवलेला.
म्हणून लाल जर्सीला घाम असतो, माती नसते.

सात नंबर ट्रेव्हिन हॉल्मक्विस्टचा.
बारावीतला, ट्रॅक्टरच्या शोरूमवाल्यांचा. हात असा
की चेंडू सुटताना आवाज होत नाही.
पोत्यातसुद्धा त्याची जर्सी घडी घातलेली.
गेल्या वर्षी नऊपैकी सात हरलो, त्यात त्याचा दोष किती
यावर मायलोकडे दोन गट आहेत.
मी केस घरीच कापते.

सोळा नंबर इसिद्रोचा. दहावीतला.
बाप मांसाच्या कारखान्यात रात्रपाळीला,
सकाळी सुटला की तारेच्या कुंपणाशी उभा राहतो
रबरी बूट न काढता.
पोराचे पास कधी थेट छातीवर,
कधी थेट बँडच्या पोरांत.
आणि त्याच्या लाल जर्सीच्या कोपरावर
मंगळवारी, बुधवारी, आज पुन्हा
गवताचा हिरवा डाग.

कोणी पाडलेलं नाही त्याला. पाडायचं नसतंच.
म्हणजे आपणच झेपावला असणार,
हातातून निसटलेल्या चेंडूमागे,
शिट्टी वाजून गेल्यावरही.

गवताचा डाग गरम पाण्याने पक्का होतो.
थंड पाणी, व्हिनेगर, जुना टूथब्रश.
एकदा वाटलं, राहू द्यावा तसाच, कोचला दिसेल.
पण मी पैसे धुण्याचे घेते.

माझा लायल दोन मोसम या गावचा दुसरा क्वार्टरबॅक होता.
दुसरा म्हणजे हातात फळी, फळीला पेन्सिल,
कानामागे आणखी एक पेन्सिल.
शुक्रवारी रात्री त्याची जर्सी मी धुवायचे,
धुण्यासारखं तिला काही झालेलं नसायचं.
तो आता वायोमिंगमध्ये पवनचक्क्यांवर चढतो.
रविवारी फोन करतो. शुक्रवारी कधीच नाही.

तर मी काय मागते?
जिंकावं, अर्थात. खोटं कशाला बोलू.
पामर फोर्कला एकदा तरी आपल्या मैदानावर लोळवावं,
अकरा वर्षं झाली, माझे गुडघे आणखी अकरा थांबायचे नाहीत.
इसिद्रोला मिळावं, हेही म्हटलं एकदा,
मोठ्याने, मशीन घरघरत असताना.

मग ट्रेव्हिनची हातात आली.
कॉलरच्या आत, जिथे धुणारीशिवाय कोणी बघत नाही,
चावून चावून
शिवण उसवलेली.

सुई काढली. लाल दोरा नव्हता, तपकिरी होता. चालेल.

सोमवारी जिमच्या दाराला यादी लागणार म्हणतात.
ज्याला मिळणार नाही त्याला कोचने आधी बोलवावं,
दार लावून, बसायला खुर्ची देऊन सांगावं.
एवढं झालं तरी पुरे,
नाही, पुरे नाही, पामर फोर्क आहेच.

ड्रायर अजून अकरा मिनिटं.
काचेआड दोन्ही लाल एकमेकींत गुंतल्यात,
कुठली कुणाची, वाचता येत नाही.